वरचा डावा, जरा वळलेला

बाबांची नोकरी गेली आणि ती मला लागली. झालं ते एवढंच. आता हे झालंच नाही असं धरून पुढे सांगतो, कारण घरात, लॅबमध्ये आणि सरकारदरबारी तसंच ठरलेलं आहे, आणि सगळ्यांनी मिळून विसरलेली गोष्ट एकट्याने लक्षात ठेवायची म्हणजे सगळे बसलेले असताना मध्येच उभं राहण्यासारखं आहे. लोक म्हणतात, काय झालं? आपण म्हणतो, काही नाही, आणि बसतो. तर मी बसलेला होतो. खिडकीजवळच्या खुर्चीवर, पांढरा ॲप्रन घालून, डाव्या हातात मेणाच्या हिरड्या आणि उजव्या हातात तापवलेली सुरी. काहीही झालेलं नव्हतं. आणि तपासणीला आलेल्या मॅडम माझ्याकडे बघून हसल्या.

हसल्या म्हणजे फार नाही. सरकारी माणूस पोराटोरांना धीर द्यायला हसतो तितकंच. दुकानाचं शटर गुडघ्याइतकं वर करून बाहेर कोण आहे ते बघावं आणि पुन्हा खाली ओढावं, तसं. पण तेवढ्या फटीतून मला दिसलं. वरच्या ओळीत, डावीकडे, पटाशीचा दात आणि सुळा यांच्या मध्ये जो असतो तो जरासा वळलेला होता. वाकडा नव्हे, वळलेला. बाकावर दाटीवाटीने बसलेल्या माणसाने नव्याने येणाऱ्याला जागा द्यायला एक खांदा मागे घ्यावा, तेवढाच. माझी सुरी मेणात होती तिथेच थांबली आणि मेण तिच्याभोवती गोठायला लागलं. तो माझ्या आईचा दात होता.

हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी पोलिसात जायचं. आमची लॅब म्हणजे कवळ्या बनवायची लॅब. कुलपांच्या दुकानाच्या वर एक लांबट, अरुंद खोली. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, इथे प्लास्टरचे जबडे ओतले जातात, त्यांवर मेणाच्या हिरड्या चढतात, मेणात एकेक तयार दात बसवला जातो, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतात आणि शेवटी पॉलिशवाला ते चाकावर धरून चकचकीत करतो. दात बसवायचं काम खिडकीजवळ चालतं, कारण दिवसाच्या उजेडाशिवाय दाताचा रंग कळत नाही. त्या खिडकीजवळ मी जन्मायच्या आधीपासून माझे वडील बसत. म्हणजे बसत नसत. पण बसत असते, तर त्यांनी प्रत्येक वरच्या कवळीत तो एक दात तसाच वळवून बसवला असता. बाबांचं म्हणणं, सगळे दात सावधानमध्ये उभे राहिले की तोंड परेडचं मैदान दिसतं. "माणसाच्या तोंडात एक तरी कुरकुर करणारा हवा," ते म्हणत, "नाहीतर कोण विश्वास ठेवणार?" कुरकुर करणारा कसा दिसतो ते त्यांना शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो रोज जेवताना समोर बसायचा. आईचा वरचा डावा दात जन्मापासून तसा आहे, आणि बाबांनी तो बघून बघून हाताला इतका बसवून घेतला की पुढे न बघताही तोच यायचा. एका डॉक्टरांनी एकदा कवळी परत पाठवली, निरोप, दात वळलेला आहे. बाबांनी उलट निरोप दिला, डॉक्टरांना म्हणावं मान जराशी वळवून बघा. कवळी पुन्हा आली नाही. बहुतेक त्यांनी वळवली असावी. आईला मात्र हे कधीच आवडलं नाही. "अहो, माझं तोंड म्हणजे काय सार्वजनिक नळ आहे?" ती म्हणायची. पण हे म्हणताना ती हसायची आणि नळ चालू व्हायचा.

मी लहानपणापासून या शहरात असा वाढलो की बसमध्ये समोरच्या सीटवरचे अनोळखी आजोबा जांभई देत आणि त्या जांभईत माझी आई असे. बँकेतल्या काउंटरमागची म्हातारी बाई "सही जुळत नाही" असं आईच्या दाताने म्हणे. शाळेतले एक सर, ज्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं, ते ओरडताना त्यांचा वरचा ओठ उचलला गेला आणि मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी हसलो, आणि मग दुसऱ्या दिवशीही बाहेर उभा राहिलो. कोणावर धड रागवता येत नाही अशी ही वाढ आहे. ज्याच्यावर चिडावं त्याच्या तोंडात आई. आणि आता मॅडम. आमच्या खोलीत, बाबांच्या टेबलासमोर, एका घडीच्या खुर्चीवर बसून, मांडीवर पर्स ठेवून, त्या मला विचारायला आल्या होत्या की माझ्या आधी या जागेवर कोणी होतं का.

कारण योजनेचं सगळं त्यावरच उभं आहे. योजना चांगली आहे, मी चेष्टा करत नाही. विद्यार्थ्याला शिकता शिकता पदवीपुरता कामाचा अनुभव मिळावा म्हणून, जो मालक त्याला वर्षभर ठेवून घेईल त्या मालकाला विद्यार्थ्याच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार परत देतं. विद्यार्थ्याला हात मिळतो, मालकाला माणूस मिळतो, सरकारला समाधान मिळतं. अट एकच, जागा नवी हवी. असलेल्या माणसाला उठवून त्याच्या जागी विद्यार्थी बसवलेला चालत नाही. अट अगदी रास्त आहे. ही अट ज्याने लिहिली त्याने फक्त आमची खोली बघितलेली नव्हती. आमच्या खोलीत एका बाजूला पॉलिशचं चाक, एका बाजूला प्लास्टरची टाकी, मध्ये मालकांचं टेबल आणि खिडकीशी एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवायची तर कोणाला तरी खिडकीबाहेर बसावं लागेल.

मालक बाबांपेक्षा बरेच लहान. लॅब त्यांच्या वडिलांची, म्हणून ते बाबांना काका म्हणतात. बाबांनी मला तो प्रसंग इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे होतो असंच वाटतं. मालक म्हणाले, "काका, तुमचा मुलगा दातांचंच शिकतो ना कॉलेजात?" बाबा म्हणाले, "हो, त्याला अजून सुळा आणि दाढ यांतला फरक कळतो असं मी म्हणणार नाही, पण शिकतो." "मग त्याला इथेच पाठवा की. सरकार पगार देतं त्याचा, जवळजवळ सगळाच." "पाठवतो. पण बसेल कुठे?" बाबांनी विचारलं, कारण ते व्यवहारी माणूस. मालकांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. बाबा त्या खुर्चीवर बसलेले होते. ही शांतता किती वेळ टिकली ते बाबा कधी सांगत नाहीत. ते तिथून थेट पुढच्या वाक्यावर जातात. "वर्षभराचा तर प्रश्न आहे, काका. वर्ष झालं की या परत. तोवर आराम करा." काका म्हणणारा माणूस आपल्याला घरी बसवतो तेव्हा रागवायचं कसं, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. मालकावर रागवायची रीत वेगळी, पुतण्यावर रागवायची वेगळी, आणि बाबा मध्येच अडकले. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि मला म्हणाले, "तुला नोकरी लागली." आई आतून म्हणाली, "कुठे?" "माझ्याकडे." "आणि तुम्हाला?" "मी आहे की," बाबा म्हणाले, आणि चपला पुन्हा घालून उगाच खाली एक फेरी मारून आले.

जागा नवी करायला मालकांनी खुर्ची रंगवली आणि टेबलावर नवा पत्रा ठोकला, चकचकीत, फिकट निळा. पण त्या पत्र्याखाली, कडेजवळ, बाबांच्या डाव्या कोपराने लाकडात केलेली खळगी आहे. पहिल्या दिवशी मी कोपर टेकवला तेव्हा पत्रा आत गेला आणि टॉक् असा आवाज झाला, आणि उचलला तेव्हा पुन्हा टॉक्. दिवसभर मी हललो की टॉक्. बाबा खालून दार वाजवत असल्यासारखं. पॉलिशवाल्याने चाक थांबवून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चालू केलं. मी कोपर अधांतरी धरून काम करायला शिकलो. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

"कामात रस वाटतो का?" मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, हो. "काय काय शिकलास?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मालक म्हणाले, "सगळं, मॅडम. माप ओतण्यापासून दात बसवण्यापर्यंत. मी स्वतः शिकवतो." मालकांनी मेणाची सुरी शेवटची हातात घेतली ती पार्सलची दोरी कापायला. मॅडम मान हलवत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि असं ठरवल्यावर माणूस दुसरीकडे कुठेच बघू शकत नाही. त्या बोलत तेव्हा दात जराच दिसे, 'स' म्हणताना, 'च' म्हणताना. योजनेच्या भाषेत हे दोन्ही फार येतात. प्रत्येक वेळी माझ्या मानेमागे काहीतरी गरम व्हायचं. मला वाटलं, आत्ता ही बाई मला म्हणेल, डबा विसरलास का रे.

डब्याची गोष्ट तर मी कुणालाच सांगितलेली नाही. मी डब्यातून जबडे नेतो. सुरुवातीला एकच, अडलेला. एका आजींचा खालचा जबडा इतका झिजलेला की कवळी टेकायलाच जागा नव्हती, मला काही जमेना, म्हणून संध्याकाळी जेवणाच्या डब्यात घालून घरी नेला. बाबांनी गॅसवर सुरी तापवली आणि ओट्याशी उभं राहून दात बसवले, आई मागून म्हणत राहिली, "अहो, त्या सुरीने उद्या मी काही चिरणार नाही, सांगून ठेवते." सकाळी तो जबडा मी परत नेला. मालक म्हणाले, "वा, हात बसला की तुझा." मग दोन नेले. मग सगळेच अवघड जबडे माझ्या टेबलावर यायला लागले आणि डबा मोठा घ्यावा लागला. दुपारी मी बाहेरून काहीतरी आणून खातो, कारण जेवणाच्या जागी दात असतात. म्हणजे सरकार मला शिकायचे पैसे देतं, मालक मला शिकवल्याचे घेतात, आणि काम बाबा करतात, ओट्याशी, फुकट, उभ्याने. ही व्यवस्था मी एकदा बाबांना मोठ्याने सांगून बघितली. बाबा म्हणाले, "फुकट कसं? हात चालू राहतो. वर्ष झालं की परत जायचंय, तेव्हा हात गंजलेला नको." आणि मला विचारलं, "खिडकीची खालची फट बंद करतोस ना? तिथून धूळ येते, मेणाला चिकटते." रोज विचारतात. प्रवासाला गेलेला माणूस घरच्या झाडांबद्दल विचारतो तसं.

आणि तोवर मी त्यांना सांगितलेलं नव्हतं की मालक फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "अरे घे की तूही. वर्ष संपलं की हा जाईल, सरकार दुसरा देईल. दरवर्षी नवा मिळतो." हसत होते. तेव्हाही मी खिडकीशीच बसलेलो होतो, कोपर अधांतरी. दरवर्षी नवा. माझ्यानंतर कोणीतरी येईल, मग आणखी कोणी, ती खुर्ची दरवर्षी रंगवली जाईल आणि दरवर्षी नवी असेल, आणि बाबा घरी हात चालू ठेवून बसतील. हे वाक्य पोटात घेऊन मी रोज डबा उघडायचो, बाबा त्यातून जबडा काढून उजेडाकडे धरायचे, आणि मी म्हणायचो, फट बंद केली, बाबा.

त्या दिवशी सकाळी त्यांनी माझी उजळणी घेतली. आईचा चष्मा नाकावर चढवून ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि मॅडम झाले. मॅडम येणार हे कळल्यापासून ते मनातल्या मनात मॅडमच होते. "नाव?" मी सांगितलं. "बरं. तुझ्या आधी इथे कोण बसायचं?" "कोणी नाही." "मोठ्याने बोल, सरकारला ऐकू येत नाही." "कोणी नाही!" "ओरडतोस काय? संशय येतो. नैसर्गिक बोल." "कोणी नाही, बाबा." "बाबा काय म्हणतोस मला!" ते खरोखर चिडले, चष्मा नाकावर घसरला. "मी कोण आहे? मी मॅडम आहे. तू मला ओळखत नाहीस. पुन्हा." मी पुन्हा म्हणालो. त्यांनी सहा-सात वेळा म्हणून घेतलं. शेवटी मला इतकं छान यायला लागलं की माझाच विश्वास बसला, आणि मी समोर बघितलं तर स्टुलावर बायकी चष्मा लावलेला एक म्हातारा माणूस बसलेला, आणि तो म्हणाला, "हं. आता बरोबर. तुझं वर्ष वाया जाता कामा नये." आईच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं. कोणी उचललं नाही. मी निघालो तेव्हा ती दारात आली. "तोंड बंदच ठेवायचं असेल," ती म्हणाली, "तर सकाळी सकाळी दात तरी कशाला घासलेस?"

"बसवून दाखव बघू," मॅडम म्हणाल्या. "मी उगाच कागद बघून जात नाही. काम बघते." मालक म्हणाले, "दाखव, दाखव," आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाने सुरी तापवायच्या दिव्याची ज्योत हलली. मी सुरी तापवली. समोर वरचा जबडा होता, हिरड्या चढवलेल्या, ओळ मोकळी. मधले दोन बसवले. बरे बसले. मग डावीकडचा. मालक कानाशी होते, मॅडम समोर होत्या, पण हातांना त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. हात माझे नव्हतेच बहुधा. योजनेतून आलेले असावेत. दात मेणात टेकवला, सुरीच्या टोकाने बाजूचं मेण वितळवलं, आणि अंगठ्याने, कोणी न सांगता, तो जरासा वळवला. खांदा मागे. बसा. जागा आहे.

"हा वळला," मॅडम म्हणाल्या.

"सरळ कर, सरळ कर," मालक म्हणाले. "शिकतोय अजून, मॅडम. होतं असं."

"राहू दे." मॅडम पुढे वाकल्या. त्यांच्या वरच्या ओठाखाली काहीतरी सरकलं, डावीकडे. जीभ. कवळीवाल्यांची जीभ अशीच फिरते, घराची कडी लागली आहे ना ते बघायला उठल्यासारखी. जीभ तिथेच थांबली, त्या दातापाशी, आणि थांबूनच राहिली. "मुद्दाम वळवलास?"

"असाच बसवतात, मॅडम."

"असा मी कुठे बघितला नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या हे म्हणत असताना मला तो दिसला. "कोण बसवतं असा? कोणी शिकवलं तुला?"

पॉलिशचं चाक बंद झालं. या खोलीत ते चाक बंद झालं की मागे एक भलामोठा खड्डा राहतो आणि सगळे त्याच्या काठावर उभे असतात. मालकांचा श्वास माझ्या कानाशी थांबला. मला सकाळचं सगळं पाठ होतं. कोणी नाही. नैसर्गिक. एवढं म्हटलं की माझं वर्ष पुरं, पदवी हातात, मॅडम जिना उतरणार, आणि संध्याकाळी मी डबा उघडणार, आणि बाबा विचारणार, काय म्हणालास? आणि मी म्हणणार, कोणी नाही म्हणालो. आणि ते म्हणणार, शाब्बास. हे शाब्बास मला ऐकू आलं. अगदी त्यांच्या आवाजात, स्टुलावरून, चष्म्यामागून. आणि समोर आईचा दात अर्धा ओठाआड, अर्धा बाहेर, वाट बघत होता, ती वाट बघते तसाच, काही न बोलता, हे पोर आता काय थाप मारतं ते बघू या म्हणून. मी कोपर खाली टेकवला. टॉक्.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. "इथेच बसून. ही जागा त्यांची आहे, मॅडम. मी नवा आहे, जागा जुनी आहे."

मालक हसले. खूप छान हसले. त्यांचे स्वतःचे सगळे दात सरळ आहेत. "याचे वडील? ते घरी असतात, मॅडम. विचारा ना याला. कुठे असतात रे वडील?" मी म्हणालो, "घरी." ते खरंच होतं. "बघा," मालक म्हणाले. "पगारपत्रक दाखवू? कुठेही त्यांचं नाव नाही." तेही खरंच होतं. थोरल्या मालकांनी, म्हणजे यांच्या वडिलांनी, बाबांचं नाव कधी कुठे घातलंच नाही. पगार हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घरच्या माणसाचं नाव काय लिहायचं? परका आहेस का तू?" बाबांना त्याचा केवढा अभिमान होता. बाकी सगळ्यांची नावं लिहिलेली, म्हणजे बाकी सगळे परके. पॉलिशवालासुद्धा परका. एकटे बाबा घरचे. आणि घरचा माणूस शेवटी घरी.

मॅडमनी पॉलिशवाल्याकडे बघितलं. "तुम्ही किती वर्षं आहात इथे? कोणी बसायचं का इथे?"

"मला ऐकू येत नाही," पॉलिशवाला म्हणाला. "चाकाच्या आवाजात."

"चाक बंद आहे."

पॉलिशवाल्याने चाकाकडे बघितलं आणि ते चालू केलं.

"काही पुरावा आहे का तुझ्याकडे?" मॅडमनी मला मोठ्या आवाजात विचारलं, चाकाच्या वरून. मी म्हणालो, या पत्र्याखाली त्यांचा कोपर आहे. मॅडमनी बोट टेकवलं, पत्रा आत गेला. मालक ओरडले, "लाकूड जुनं आहे!" मॅडमनी बोट उचललं, टॉक्. "हे पुरेसं नाही," त्या म्हणाल्या. कठोरपणे नाही, दुकानात सुटे नाहीत हे सांगावं तसं. "दुसरं काही?"

"आहे. पण मला दाखवता येणार नाही."

"का?"

"तुमच्याकडे आहे, मॅडम."

त्यांना आधी कळलं नाही. मग जीभ पुन्हा तिथे गेली. ओठाखालून ती जाताना मला दिसली, डावीकडे, त्याच जागी, आणि ती परत आलीच नाही. मॅडमच्या गळ्यापासून वर रंग चढत गेला. त्यांनी मेणातल्या दाताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग रंगवलेल्या खुर्चीकडे, जिच्यावर मी होतो. ओठ मिटले. असे मिटले की मला वाटलं आता हे उघडण्यासाठी खालच्या कुलूपवाल्याला बोलवावं लागणार. पर्स उचलून त्या उभ्या राहिल्या. दारापाशी हात तोंडावर धरून, हाताआडून, त्या म्हणाल्या, "लेखी द्या. पुराव्याचा उल्लेख करून." मालकांना वाटलं त्यांना गुलाबी प्लास्टिकच्या लिक्विडचा वास सहन होत नाही, म्हणून ते पंखा लावायला धावले.

पुढचं थोडक्यात. जागा नवी की जुनी याचा निर्णय होईपर्यंत ती वादग्रस्त आहे, आणि वादग्रस्त जागेवर विद्यार्थीही बसू शकत नाही आणि विद्यार्थी नसलेलाही. मालकांनी खुर्चीच्या दोन हातांना पार्सलची दोरी बांधली आहे. माझं वर्ष लटकलं. कॉलेजचे सर म्हणाले, तुझा अनुभव अर्धवट आहे. मी म्हणालो, आमच्याकडे घराण्यातच आहे. घरी पोचलो तेव्हा डबा रिकामा होता. बाबांनी उघडून बघितला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मी सगळं सांगितलं, फोनवरचं वाक्यही सांगितलं, दरवर्षी नवा. मला वाटलं ते आता उठतील, चपला घालतील, खाली फेरी मारतील. ते बसून राहिले. गॅसवर तापत ठेवलेली सुरी लाल झाली, तेव्हा आईने गॅस बंद केला. मग बाबांनी विचारलं, "बाई बोलताना खालचा ओठ आत ओढत होत्या का?"

"नाही."

"'स' म्हणताना शिट्टी?"

"नाही, बाबा."

"मग बरी बसली आहे." त्यांनी डबा जवळ ओढला. "गाढवा," ते म्हणाले, "तुला सांगितलं होतं, कोणी नाही म्हण." पण हे म्हणताना त्यांनी डबा मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी धरला होता. आई आत गेली. तिकडून ती म्हणाली, "म्हणजे सरकारात पण माझाच दात आहे. मग पाणी नियमित यायला काय हरकत आहे?"

अर्ज आम्ही तिघांनी मिळून केला. भाषा माझी, तिसरी मागणी बाबांची, शेवटची आईची.

विषय : खिडकीजवळील जागा जुनी असल्याचा पुरावा दाखल करून घेणेबाबत.

महोदय, वरील विषयासंबंधी विनंती अशी की, एक, तपासणी अधिकारी यांची वरची कवळी प्रस्तुत प्रकरणी पुरावा म्हणून ताब्यात घेण्यात यावी, व निर्णय होईपर्यंत त्यांना सरकारी खर्चाने बदली दात पुरवावेत. दोन, सदर कवळीतील वरचा डावा दात, अर्जदाराच्या आईचा मूळ दात व अर्जदाराच्या वडिलांचा उजवा अंगठा हे तिन्ही एकाच टेबलावर, दिवसाच्या उजेडात, शेजारी शेजारी ठेवून तपासावेत. टेबल खिडकीजवळचे असावे व त्यावरील निळा पत्रा तत्पूर्वी काढावा. तीन, तपासणीनंतर कवळी हिरडीला कुठे घासत असल्यास ती वडील विनामूल्य ठीक करून देतील; मात्र ते काम उभ्याने होत नसल्याने त्यांना त्यांच्या खुर्चीची दोरी सोडून मिळावी. चार, वरील एक ते तीन मंजूर होईपर्यंत, पुरावा जनतेस पाहण्यासाठी खुला राहावा म्हणून, तपासणी अधिकाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत, सुट्टीचे दिवस वगळून, हसत राहावे, असा आदेश व्हावा.